लेंडीखत

लेंडीखत : शेळ्या, मेंढ्या व ससे यांच्या लेंड्या आणि मूत्र यांपासून मिळणारे सेंद्रिय खत.

महाराष्ट्रात हे खत मुख्यतः भटक्या मेंढपाळीतून आले. सुगीनंतर धनगर रिकाम्या शेतात वाघर (दोरीच्या जाळ्यांचे कुंपण) लावून रात्री कळप बसवितात. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख देतो. मराठवाड्यात त्याला उस्मानाबादी शेळीची जोड मिळाली. सशांची लेंडी हा त्यात अलीकडचा व अजूनही किरकोळ भाग (पहा : ससेपालन).

शेणखतात नत्र सुमारे ०.५%, तर शेळी-मेंढीच्या खतात नत्र ३%, स्फुरद १% व पालाश २% असते. प्रमाण चारा व साठवणुकीनुसार बदलते. कळप बसविल्यास मूत्रही जमिनीत मुरते, हा मोठा लाभ. गोठ्यातील खतात ते बहुधा वाया जाते. शेळीची लेंडी टणक असल्याने सावकाश कुजते. तिच्यातून बाभळीचे न पचलेले बी शेतात येऊन उगवते, तर कच्च्या खताबरोबर हुमणीचा उपद्रव वाढतो. म्हणून ते खड्ड्यात ओलावा राखून तीन-चार महिने कुजवितात. सशाची लेंडी मवाळ मानली जाते व कुंड्यांत थेटही घालतात; मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी कुजविलेलीच घ्यावी (पहा : कंपोस्ट; गांडूळखत).

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी आहे. तेथे कापूस व मक्यापेक्षा आले, मोसंबी अशा पिकांना हे खत आधी दिले जाते. पेरणीपूर्वी शेवटच्या कुळवणीच्या वेळी ते मातीत मिसळतात.