काळ्या चौकोनांतील घर

लंडनच्या एखाद्या गल्लींत जुन्या घरांची रांग मध्येंच तुटून नवी इमारत दिसली, कीं हें बाँबचेंच काम असें आम्ही मानून चालतों. पण कांहीं घरें जीर्ण म्हणूनहि पाडलीं गेलीं. तेव्हां पुरावा पाहावा हें बरें. ७ सप्टेंबर १९४० पासून त्या नगरीवर सलग ५७ रात्रीं बाँब पडले. लंडन कौंटी कौन्सिलच्या नकाशांवर घरोघरची हानि हातानें रंगविलेली आहे: काळा म्हणजे समूळ नाश, पिवळा म्हणजे किरकोळ इजा. परंतु रंग घराची दशा सांगतो. आंत कोण होतें, तें सांगत नाहीं. त्यासाठीं युद्धांत मृत्यु पावलेल्या नागरिकांची नामावलि उघडावी. तींत नांवापुढें बहुधा वय व पत्ता मिळतो. ती नकाशाशेजारीं ठेवली, म्हणजे काळ्या चौकोनाचें पुन्हां घर होतें.