शेजारणीचे उत्तर

‘हल्ली अंगावरून फार जाते,’ असे एखादी बाई दबक्या आवाजात म्हणे, आणि शेजारीण उत्तर देई, ‘पाळी जायच्या वयात असे व्हायचेच.’ लालबाग-परळच्या चाळींत हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ते सर्वस्वी खोटे नव्हते. त्या वयात शरीरातील स्रावांचा तोल ढळतो व पाळी अनियमित होते. गर्भाशयातील साध्या गाठी, गर्भपात, थायरॉइड ग्रंथीचा दोष यांमुळेही रक्त जाते. परंतु पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर किंवा पतिसमागमानंतर रक्त दिसले, तर हे उत्तर घातक ठरू शकते. तेथे कर्करोगाची शंका फेडून घेतलीच पाहिजे.

बायकांनी दाखवावे तरी कोणाला? स्त्री-डॉक्टरांच्या हाती असलेले कामा रुग्णालय १८८६ साली निघाले. गिरणगावातील बायकांसाठी परळला वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली आले. बाळंतपणाला बाई इस्पितळात जाऊ लागली. मुले मोठी झालेली बाई मात्र आपले दुखणे पदराआड झाकूनच राही.

परळलाच १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोग्यांच्या नोंदी जातिधर्मवार लावून पाहिल्या. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, पारशी स्त्रियांत तो कमी व स्तनाचा अधिक, असे आढळले. लहान वयातील लग्नांकडे त्या काळी बोट दाखविले जाई. खरा अपराधी एक विषाणू आहे, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या संशोधनातून १९८३ नंतर स्पष्ट झाले.

आता अडचण अशी, की हा रोग आरंभी मुकाच असतो. रक्त दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून उलटा मार्ग धरला. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया दोन गटांत घेतल्या. दहावी शिकलेल्या सेविका एका गटातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातलेच आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहू लागल्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. या गटात त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या गटाला फक्त रोगाची माहिती सांगितली होती, तपासणी दिली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि मला ती अनाठायी वाटत नाही. त्याही बायका याच शहरातल्या होत्या.