दौंड–मनमाड: रेल्वेतून दिसणारा इतिहास

पुणे–सोलापूर मार्गावरील दौंड हे भीमाकाठचे जंक्शन आहे. येथून मनमाडकडे जाणारा सुमारे २३५ किमीचा फाटा १८७८ साली सुरू झाला. त्यामुळे भोर घाटातून आणि थळ घाटातून येणारे दोन मुख्य मार्ग घाटमाथ्यावरच जोडले गेले. या मार्गाच्या मातीकामावर १८७६–७८च्या दुष्काळात होरपळलेले मजूर राबले होते.

वाटेत निजामशाहीची राजधानी अहिल्यानगर (अहमदनगर) लागते. तेथील किल्ल्यात १९४२ ते १९४५ दरम्यान कैदेत असताना जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मनमाडच्या अलीकडे अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले दिसतात.

इंजिनाची दिशा बदलण्याचा वेळ वाचवण्यासाठी काही गाड्या दौंड जंक्शनला न जाता ‘दौंड कॉर्ड लाइन’ या वेगळ्या स्थानकावरून जातात. म्हणून तिकिटावरील स्थानकाचे नाव आधी तपासावे.