पिठाचा डबा आणि पाकिटावरची तारीख



लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवण दिली ती पिठाच्या मर्यादेची. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. ऋतू बदलायचा तो अष्टान्हिकेला: फाल्गुनातली संपली की उन्हाळा, आषाढातली संपली की पावसाळा, कार्तिकातली संपली की हिवाळा. मी बी.कॉम. झालेली, मला हे थोतांड वाटायचं. दर तीन दिवसांनी गिरणीत कोण जाणार?

पुढे वाचनात आलं की हे हिशेब फार जुने आहेत. बाराव्या शतकात गुजरातेत, कुमारपाल राजाच्या काळात, आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्र' लिहिलं. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात काय खाऊ नये ते सांगताना दोन दिवसांपेक्षा जुनं दही आणि नासलेलं अन्न येतंच, शिवाय 'पुष्पित' भात येतो. पुष्पित म्हणजे फुललेला. अर्थात बुरशी आलेला. सूक्ष्मदर्शक नसताना भातावरच्या त्या पांढऱ्या केसांत त्यांना जीव दिसला. (आचार्य श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण स्वयंपाकघरात एवढा भेद कोण पाळतो!)

छापील तारीख मात्र अगदी अलीकडची. इंग्लंडात मार्क्स अँड स्पेन्सरने १९५० च्या दशकात ती गोदामातल्या माणसांसाठी वापरली आणि १९७० च्या दशकात गिऱ्हाइकांपुढे आणली. म्हणजे मुळात तो दुकानदाराचा मालाचा हिशेब होता. आधी आलेला माल आधी विकायचा. आम्ही कॉलेजात 'फिफो' म्हणून शिकलो तेच. आपल्याकडे भेसळीचा कायदा १९५४ चा, अन्न सुरक्षेचा २००६ चा, आणि हलवायाच्या ताटातल्या सुट्या मिठाईपुढे 'बेस्ट बिफोर' लावायची सक्ती झाली १ ऑक्टोबर २०२० पासून. 'बेस्ट बिफोर' गेली तर चव, कुरकुरीतपणा कमी होतो. 'यूज बाय' गेली तर ते खायचंच नाही. हा फरक अजून पुष्कळांना ठाऊक नसतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या घरी यावरून वाद झाला. सूनबाईने कणकेचं पाकीट आणलं होतं. फोडून बारा दिवस झालेले. मी म्हटलं, "आता नको गं." ती म्हणाली, "आई, तारखेला अजून दोन महिने आहेत. चांगलं पीठ टाकायचं का?" तिचं चूक नव्हतं, अन्न टाकणं हेही पापच. मी चाळायला घेतलं. चाळणीत जाळी आली आणि तिच्यात दोन अळ्या वळवळत होत्या.

ती तारीख बंद पाकिटाची होती. फोडलं, दमट हवा लागली, की तिचा उपयोग संपला. पण मला लागलं ते वेगळंच. त्या तारखेला काळजी आपल्या पोटाची, मर्यादेला त्या अळीची. पीठ तीन दिवसांत संपवायचं ते तिला जन्मायला वेळच मिळू नये म्हणून. आता त्या जन्मल्या होत्या, आणि दोष माझा होता; दहाव्या दिवशी डबा मीच उघडून मीच झाकला होता. पीठ परसात पेरूच्या सावलीत नेऊन ठेवलं. उन्हात नाही.

आणखी एक, कारण वासावर विसंबणाऱ्या मैत्रिणी खूप आहेत. आंबूस वास आला तर टाकाच, पण वास नाही म्हणजे सुरक्षित असं नव्हे. आजार करणारे जंतू पुष्कळदा वास, रंग काही बदलत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात काही जंतू असं विष तयार करतात की फोडणी देऊनही ते जात नाही. आमच्या घरी शिळा भात चालत नाही म्हणून माहेरच्या फोडणीच्या भातासाठी मी कितीदा हळहळले असेन!

आता सूनबाई पावसाळ्यात अर्धा किलोच दळून आणते. डब्यावर खडूने वार लिहिते. हिवाळ्यात मात्र आठवा दिवस झाला तरी ती मला सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.