डुकराचा रुपया

सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांचा पितळी डबा उघडला. आत पंचम जॉर्जचे चांदीचे एकवीस रुपये. दिवाळीच्या पहाटे बस्तीत निर्वाणलाडू चढवून आलो की संध्याकाळी हे रुपये चौरंगावर मांडायचे, एवढीच त्यांची ओळख.

मग पुतण्याने डुकराच्या रुपयाची गोष्ट सांगितली. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या हारात हत्ती होता, पण सोंड एवढी आखूड की लोकांना ते डुकरासारखं दिसलं. मुसलमान समाजाने हरकत घेतली, तेव्हा सरकारने नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली. १९१२ च्या रुपयावर सोंड नीट काढली. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात.

आमच्या एका रुपयावरचा शेवटचा आकडा झिजलेला. एक की दोन, कळेना. झालं! धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "अक्का, पैसे आले तर सगळ्यांना सारखे हं." नणंदबाई म्हणाल्या, "आईच्या वस्तूत माझाही वाटा आहे." मी तरी काय, मनातल्या मनात गळकी गच्ची दुरुस्त करून मोकळी झाले होते! चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

बेळगावातल्या सराफांनी भिंग लावलं. "साल राहू द्या वहिनी, हत्ती बघा. सोंड खाली आलीय. बाराचाच आहे. शिवाय इतका घासलाय की संग्राहक हात लावणार नाही." दरवर्षी चिंच लावून आम्हीच तर लख्ख करत होतो!

बाकीचे रुपये चांदीच्या भावाचे. वजन एक तोळा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि युद्धानंतर तो निकेलचा झाला. साहजिकच लोकांनी जुने रुपये खर्चायचे थांबवून डब्यात ठेवले. बँकेत खातं नसलेल्या बायकांची ती शिल्लक होती. घरोघरी असे डबे निघतात. सगळ्यांनीच जपलेलं दुर्मिळ कसं असणार? जे वितळलं, त्यातलं चुकून उरलेलं तेवढं महाग.

प्रवचनात आपण परिग्रहपरिमाण ऐकतो. इथे तर नसलेल्या पैशाचा परिग्रह आम्ही चार दिवस केला, आणि तेवढ्यात वाटणीपर्यंत पोचलो. खरंच १९११ चा निघाला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून धास्ती वाटते.

शेवटी तिघींनी सात-सात रुपये घेतले. झिजलेला नणंदबाईंनी मागून घेतला. "आईने सगळ्यात जास्त हाच घासलाय," म्हणाल्या.