शाळेची वाट

शाळा घरापासून किती दूर असावी, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो, "जवळ असावी, दुसरं काय?" पण जवळ म्हणजे किती? हे अंतर मोटारीच्या चाकांनी मोजायचे की सहा वर्षांच्या पोराच्या पावलांनी? वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले, ते पायी. वाट सुमारे पाच मैलांची, दिवस विदर्भातल्या उन्हाळ्याचे आणि वय ६६. याच सेगावचे पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. गांधीजींची चालण्याची सवय मात्र शाळकरी वयातली. कवायत आणि क्रिकेट यांच्याशी त्यांचे कधी जमले नाही. मोकळ्या हवेत चालणे हितकारक असते, असे पुस्तकात वाचले आणि चालू लागले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. मैदानावर मागे राहणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे, बरं का!

सेगावला जाऊन दीडेक वर्ष झाले तेव्हा, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजीच होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण साऱ्या देशाला मिळावे, ते मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे, असे तिथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. नयी तालीम म्हणतात ती हीच. सूतकताईवर तेव्हा पुष्कळ वाद झाले. अंतराबद्दल फारसे कोणी बोलले नाही. पण विचार करा : खेड्यातल्या प्रत्येक मुलाला सक्तीने शिकवायचे, तर शाळा त्याच्या पायाच्या टप्प्यात आणावीच लागते. ही गोष्ट कायद्यात स्पष्ट उतरायला बराच काळ गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर नियम झाले, ते असे : पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. एक किलोमीटर म्हणजे लहान मुलाच्या चालीने पंधरा-वीस मिनिटे.

रोज चालणे म्हणजे काय, हे पवनारच्या विनोबांनी दाखवून दिले. सुरगाव तिथून सुमारे तीन मैल. खांद्यावर फावडे टाकून विनोबा तिकडे रोज भंगीकामाला जात. पावसाळ्यात एकदा नदीला पूर आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. तरी ते काठापर्यंत गेले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितले की, देवळात जाऊन देवाला कळव, गावाचा भंगी आला होता. हजेरी लावावी ती अशी!

ही वाट सगळ्यांना सारखी मोकळी मात्र कधीच नव्हती. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर रस्त्यात शेण आणि चिखल फेकला जाई. त्या सोबत दुसरे लुगडे ठेवीत. तेव्हा "आमच्या वेळी आम्ही चालत जायचो" असे अभिमानाने सांगताना, आपल्या वेळी कोणाला चालू दिले जात नव्हते, हेही आठवावे.

आजचे भय निराळे आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग वर्ध्यावरून देवळीकडे जातो, आणि असा रस्ता ओलांडून पोराला एकटे धाडायला कोणती आई तयार होईल? तिला आळशी म्हणणे अन्याय आहे. मग दोन गल्ल्यांपलीकडची शाळाही ऑटोने गाठली जाते, फाटकाशी गाड्यांची दाटी होते आणि चालणाऱ्या मुलांचा धोका आणखी वाढतो. इंग्लंडात १९९८ साली सेंट अल्बन्स गावी यावर एक तोड निघाली. एक-दोन मोठी माणसे पुढे-मागे, मधे मुलांची रांग, ठरलेली वाट आणि ठरलेले थांबे. तिला 'चालती बस' म्हणतात. आपल्या खेड्यांत पोरेपोरी घोळक्याने वावरांमधल्या पांदणीतून शाळेला जात आली आहेत. बिनइंजिनाची बस ती हीच. फरक इतकाच, की तिच्यासोबत मोठे माणूस नसते आणि पावसाळ्यात काळी माती चपला ओढून घेते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार मांडला. मुलांना गाडीने नेऊ, असे म्हटले गेले. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, सोबती जास्त, हे खरे. तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण गाडी ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी पोर घरी राहते, आणि चौथी-पाचवीतली मुलगी असेल तर बरेचदा ती घरीच राहून जाते. तेव्हा शाळा हलवायची गोष्ट ग्रामसभेत निघाली की आधी एकदा तिथवर मुलांबरोबर चालून यावे, तेही आषाढात, नाल्याला पाणी असताना.