नगरी वाटा आणि चाके

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटरच्या या पसाऱ्यात जमिनीची जात तालुक्यागणिक बदलते. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या रांगा, घाटघर-रतनवाडीकडचा धुवाधार पाऊस आणि कातळावर बसलेला निसरडा तांबूस चिखल. मध्ये प्रवरा-गोदावरीकाठची काळी, खोल, चिकट जमीन. पारनेर, नगर, जामखेडकडे मुरमाचे आणि दगडगोट्यांचे उघडे माळ. पक्क्या सडका होण्याआधी कोणते चाक चालेल हे जमीनच ठरवत असे. आजही वाहन डांबरावरून खाली उतरले की निवाडा तीच करते.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत या भागातली बरीचशी मालवाहतूक चाकावर नव्हतीच. कोकणातले मीठ आणि देशावरचे धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढे-उतरे. गाड्या होत्या त्या ओबडधोबड. ओंडके एकमेकांना बांधून केलेला सांगाडा आणि त्याखाली दगडाची किंवा भरीव लाकडाची दोन चाके. असा गाडा ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि पावसाळ्यात तो जागचा हलत नसे. १८३६च्या सुमारास शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे महसुली मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याच्या देखरेखीखाली हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या सुधारित गाड्या बांधायला सुरुवात झाली. एका जोडीला ओढता येईल अशी गाडी शेतकऱ्याच्या दारात येण्याची ही सुरुवात होती. दख्खनच्या शेतीच्या इतिहासात या गाडीला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. कालवे आणि आगगाडी यायच्या कितीतरी आधी तिने शेतमाल बाजारापर्यंत नेला.

हे चाक करणे हा सुतार आणि लोहार या दोघांचा मिळून उद्योग होता. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पुठ्ठे आणि या साऱ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते चिवट, जड आणि गावाच्या शिवारात मिळणारे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत वर पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली होई. मग चाके काढून ओढ्याच्या किंवा नदीच्या पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा पक्की बसे. आसाला वंगण घालणे आणि कुणी, म्हणजे चाक निसटू न देणारी आसाच्या टोकाची खीळ, जागेवर आहे ना हे पाहणे ही निघण्याआधीची कामे.

या चाकाचा गुण त्याच्या उंचीत होता. माणसाच्या छातीला लागणारे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. दोष होता धावेच्या अरुंदपणात. चाकावर अर्धा टन भार आहे आणि पाच सेंटिमीटर रुंदीची धाव दहा सेंटिमीटर लांबीभर जमिनीला टेकली आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर दहा किलोचा दाब पडतो. कातळावर साचलेल्या पातळ चिखलात हा दोष उपयोगी पडे, कारण चाक चिखल कापून खालच्या टणक थराला टेके. प्रवराकाठच्या खोल काळ्या जमिनीत मात्र खाली टणक थर लवकर लागतच नाही. तिथे चाक तुंब्यापर्यंत रुते, माती पुठ्ठ्यांना चिकटत जाई आणि बैल गुडघ्यांवर येत. चिखल कापून तळ गाठायचा की रुंद पायाने वरच्या वर तरायचे, हा प्रश्न बैलगाडीच्या काळातच उभा राहिला होता. कच्च्या वाटेसाठी टायर निवडताना आजही मूळ प्रश्न तोच असतो.

सरकारी सडका आल्यावर लोखंडी धावेने त्यांचीच वाट लावली. खडी-मुरमाच्या रस्त्यावर सगळ्या गाड्या एकाच चाकोरीने जात. धाव खडीचा भुगा करी, पावसाचे पाणी चाकोरीत साचे आणि रस्ता उखडे. १८७६-७८च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या हजारो लोकांना दुष्काळी कामांवर खडी फोडावी लागली. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावरही दुष्काळग्रस्त मजूर होते आणि १८७८मध्ये तो मार्ग सुरू झाला. लांबचा माल आगगाडीकडे गेला. शिवारातून स्टेशनापर्यंतचा कच्चा टप्पा मात्र गाडीकडेच राहिला.

हवेच्या टायरचे पेटंट जॉन बॉइड डनलप याने १८८८मध्ये घेतले, ते सायकलसाठी. भारतात डनलप कंपनीने १९३६मध्ये बंगालमधील साहागंज येथे कारखाना काढला आणि त्याच दशकात बैलगाडीला हवेचे टायर बसवण्याचा प्रसार सुरू झाला. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. हवेच्या टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. तीन किलो हवा भरली तर जमिनीवरही दर चौरस सेंटिमीटरला तीनेक किलोच येतात, बाकीचा भार टायर पसरून वाटून घेतो. लोखंडी धावेच्या तुलनेत हा दाब एक तृतीयांशाहूनही कमी.

नगर जिल्ह्यात टायरगाडी खरी रुजली ती उसामुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले आणि हरिगाव, टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले. १९५०च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. तोडलेला ऊस वाळत जातो तसा साखरेचा उतारा घटतो, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो. रोज शेकडो टन ऊस काळ्या, ओलिताच्या शेतातून बाहेर काढायचा, तर लाकडी चाक अपुरे होते. कारखान्यांनी लोखंडी सांगाड्याच्या, टायरच्या गाड्या करून हंगामापुरत्या गाडीवानांना भाड्याने दिल्या. ऊसतोडीच्या बोलीत ही विभागणी अजून टिकून आहे. स्वतःची लाकडी गाडी घेऊन येणाऱ्यांचे ‘गाडी सेंटर’, कारखान्याची टायरगाडी ओढणाऱ्यांचे ‘टायर सेंटर’ आणि डोक्यावरून मोळ्या नेऊन ट्रक भरणाऱ्यांचे ‘डोकी सेंटर’. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेल्या मजुरांची उचल, मजुरी आणि मुक्कामाची जागा या तीन नावांप्रमाणे बदलत गेली. चाकाच्या प्रकारावरून माणसाचे काम ओळखले जावे, अशी उदाहरणे फार नाहीत.

टायरमुळे गाडी हलकी चालली, पण तो हलकेपणा बैलांच्या वाट्याला आला नाही. गाडी सहज सरकते म्हणून तीत जास्त ऊस भरला गेला. शिवाय गाडीला ब्रेक नव्हता. लाकडी चाक उतारावर स्वतःच अडखळत चाले, टायर मात्र पळतो, आणि दोन-अडीच टनांचा रेटा जुवातून बैलांच्या मानेवर येतो. सुजलेले खांदे ही उसाच्या हंगामातली नेहमीची तक्रार होती. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५मध्ये केलेल्या नियमांत हा फरक आकड्यांत दिसतो. मोठ्या बैलासाठी दुचाकी गाडीची मर्यादा टायर नसल्यास ९०० किलो, टायर असल्यास १,३५० आणि बॉल बेअरिंग असल्यास १,८०० किलो, गाडीचे वजन धरून. जोडीला याच्या दुप्पट आणि चढाच्या वाटेवर निम्मे. सत्तरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशपातळीवर लावून धरला. चाक, जू आणि ब्रेक या तिन्ही गोष्टी एकत्र सुधारायला हव्यात, हा त्यांचा आग्रह रास्त होता. प्रत्यक्षात चाक सुधारले, जू आणि ब्रेक मागे राहिले.

मोटारीच्या चाकाचा इतिहास नगरला छावणीतून आला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात येथे यांत्रिक दलांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि १९४८पासून आर्मर्ड कोअरचे केंद्र व शाळा नगरला आहे. १९२९मध्ये रावळपिंडीजवळ चकलाला येथे स्थापन झालेली लष्करी मोटारवाहनांची तपासणी संस्था १९४७च्या फाळणीनंतर नगरला हलवण्यात आली. तिच्यातूनच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आकाराला आली. रणगाड्यांचे काम १९७६मध्ये चेन्नईजवळच्या आवडी येथे स्वतंत्र संस्थेकडे गेले. चाकाच्या वाहनांचे नगरलाच राहिले. चढ, चिखल, दगडगोटे आणि मुद्दाम खडबडीत केलेल्या पट्ट्यांवर वाहन चालवून पाहण्याची सोय येथे आहे आणि टाटा मोटर्सबरोबर विकसित केलेले आठ चाकांचे उभयचर चिलखती वाहन याच संस्थेचे.

लष्करी जीप लोकांच्या ओळखीची झाली ती दुसऱ्या महायुद्धात. तिचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे सहा इंच रुंद, आजच्या मानाने अरुंदच. त्यांची नक्षी आडव्या जाड पट्ट्यांची आणि दोन्ही दिशांना सारखी होती. त्यामुळे वाहन पुढे जाताना आणि रुतल्यावर मागे घेताना पकड तेवढीच मिळे, आणि मातीतल्या ठशावरून ते कोणत्या दिशेला गेले हेही कळत नसे. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली आणि हे अरुंद, उंच चाक गावोगाव पोहोचले. अकोल्याच्या पश्चिम भागात राजूरहून आदिवासी वाड्यांकडे माणसे आणि भाताची पोती नेणाऱ्या जीपगाड्यांना ते मानवले. तिथला चिखल उथळ आणि खाली कातळ, तेव्हा कापून तळ गाठणारे चाक तिथे योग्यच होते.

सडकेवरच्या वाहनांची गरज वेगळी होती. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला आली. बस आणि मालमोटारींत पुढे रिब, मागे लग अशी रीत पडली. पुढच्या चाकाच्या सलग उभ्या रेघा सुकाणू सरळ ठेवतात, मागच्या चाकाचे आडवे, खोल लग माती पकडून गाडी ढकलतात. झिजून गोटा झालेला टायर रिमोल्ड करून पुन्हा चालवायचा हेही ठरलेले. ट्रॅक्टरने तिसरी तऱ्हा आणली. तिरप्या, उंच लगांमध्ये मोकळी जागा एवढी की चाक फिरताना काळी माती आपोआप झडून पडते. काळ्या रानात ही मोकळी जागाच सर्वांत महत्त्वाची. दाट नक्षीचा टायर दहा फेऱ्यांत मातीने लिंपून जातो आणि मग नक्षी असून नसल्यासारखी.

आजच्या पिकअप आणि चारचाकी ओढीच्या गाड्यांसाठी बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. सडकेचा एचटी, दोन्हीकडे चालणारा एटी आणि निव्वळ चिखलाचा एमटी. नगर जिल्ह्यात वर्षातले बहुतेक दिवस कोरडे आणि बहुतेक अंतर डांबरी, म्हणून सर्वसाधारण वापराला एटीच बरा. एमटी डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या सडकेवर ब्रेक लावताना घसरतो. पावसाळ्यात रोज काळ्या रानातून किंवा भंडारदऱ्यापलीकडच्या कच्च्या वाटांवरून माल काढणाऱ्यालाच त्याचा खर्च परवडतो. पारनेर-जामखेडच्या माळावर नक्षीपेक्षा टायरची बाजू जास्त पाहावी. तिथे धारदार दगड बाजूच फाडतात आणि फाटलेल्या बाजूला पंक्चरचा इलाज चालत नाही. म्हणून जास्त प्लाय रेटिंगचा, मालगाडीसाठीचा एलटी खुणेचा टायर तिथे हवा. रुंदीच्या बाबतीत आकर्षणाला बळी पडू नये. प्रवरा, मुळा किंवा सीनेच्या वाळूत आणि खोल काळ्या मातीत रुंद टायर तरतो, कातळावरच्या पातळ चिखलात मात्र तो घसरतो.

कोणताही टायर घेतला तरी मऊ जमिनीत शिरताना हवा थोडी कमी केली की तो पसरतो आणि पकड वाढते, मात्र तेव्हा वेग कमी ठेवावा आणि भार जपून भरावा. सडकेवर परतल्यावर पुढे निघण्याआधी ती पूर्ववत भरावी लागते. कमी हवेच्या टायरच्या बाजू वेगात सारख्या दुमडून तापतात आणि भरलेल्या गाडीचा टायर त्या तापानेच फुटतो.